चिक्कीच्या पट्ट्या आणि एक चांगला प्रश्न : नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी तास बांधायची रीत

शाळेत नव्याने रुजू झालेल्या शिक्षकाची पहिल्या महिन्यातली तक्रार बहुतेक एकच असते : मुलं लक्ष देत नाहीत. मग उपाय सुरू होतात. गाणी, टाळ्या, रंगीत तक्ते, टीव्हीवरचे व्हिडिओ, खेळ. यातलं काहीच वाईट नाही. पण वर्ग हसतोय, नाचतोय आणि गणित मात्र जिथल्या तिथे, असे तास पुष्कळ होतात. उलट, तीस मुलं माना खाली घालून कागदाच्या एका पट्टीकडे बघत बसली आहेत आणि डोकी जोरात चालू आहेत, असेही तास होतात. म्हणून तास रंगला की नाही हे आवाजावरून ठरवू नका. स्वतःला विचारा : आत्ता, या मिनिटाला, मूल नेमका कशाचा विचार करतंय?

‘वर्तुळाचा एक चतुर्थांश भाग रंगवा’ हे काम घ्या. मुलं खूश असतात, वह्या सुंदर दिसतात. पण रंगवणारं मूल त्या वेळी विचार करतं ते रंग रेघेबाहेर जाऊ नये याचा. अपूर्णांक त्याच्या डोक्यात येतच नाही. हात गुंतले, डोकं मोकळंच राहिलं.

पुढचं सगळं याच एका कसोटीवर घासून लिहिलं आहे. उदाहरण मुद्दाम मुख्यतः एकच घेतलंय, चौथीतला अपूर्णांक, कारण तिथे मुलं सर्वांत जास्त अडखळतात. साहित्य जिल्हा परिषदेच्या कुठल्याही दोन शिक्षकी शाळेत मिळेल तेवढंच : फळा, खडू, पाट्या, जुनी वर्तमानपत्रं, कात्री.

पहिले आठ-दहा दिवस : आधी मुलं, मग पुस्तक

रुजू झाल्याझाल्या पहिला धडा उघडायची घाई होते. थोडं थांबा. एक वही घ्या, प्रत्येक मुलाच्या नावे एक पान सोडा. मधल्या सुट्टीत, परिपाठानंतर, जमेल तेव्हा एकेका मुलाला जवळ बसवून चार ओळी वाचायला द्या, दोन गणितं द्या आणि ‘कसं केलंस ते सांग’ म्हणा. वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीत गुण कळतात, पण मूल हातचा का विसरतं ते त्याच्या तोंडूनच कळतं.

त्याच पानावर गावाचीही नोंद करा. आठवडी बाजार कोणत्या वारी, घरी काय पिकतं, कोणाचे आईवडील ऊसतोडीला जातात आणि कधी, यात्रा कधी भरते. घरी मुलं कोणती बोली बोलतात हे तर पहिल्याच दिवशी लिहा. अहिराणी, वऱ्हाडी, पावरी, कोरकू, गोंडी, वारली, मालवणी : घरच्या बोलीत उत्तर दिलेलं मूल बरोबर असू शकतं, आणि प्रमाण मराठीत गप्प बसलेलं मूलही. पहिले काही महिने उत्तर कुठल्याही बोलीत आलं तरी चालेल हे वर्गात उघड सांगा. ते एक वाक्य बोललं की मागच्या रांगेतले आवाज ऐकू यायला लागतात.

याला मोठा वारसा आहे. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्यासोबत होत्या, पुढे काम कोसबाडला गेलं. आदिवासी पाड्यांतली मुलं गुरं राखायला जात म्हणून शाळेत येत नसत, तेव्हा शाळाच माळावर मुलांपाशी गेली. तीच कुरणशाळा. शिंपले, बिया, पानं, काड्या हे तिथलं साहित्य होतं. पैसे वाचले हा त्यातला छोटा भाग. मुलाला ओळखीची वस्तू हातात मिळाली की वस्तू समजून घेण्यात त्याची शक्ती जात नाही, ती सगळी प्रश्नाकडे लागते. खरा फायदा तो.

टाचणात एक जास्तीची ओळ

टाचण, म्हणजे तासाची लेखी तयारी, आपण रोज काढतो. घटक, उपघटक, अध्ययन निष्पत्ती (मुलाला काय यायला हवं ते), साहित्य, कृती. अध्ययन निष्पत्ती पाठ्यपुस्तकात सुरुवातीला छापलेल्या असतात, त्या जशाच्या तशा उतरवून भागत नाही, कारण त्या वर्षभराच्या असतात आणि तुमच्याकडे तास पस्तीस-चाळीस मिनिटांचा असतो. त्यातून आजच्यापुरतं, तास संपताना पडताळता येईल असं एक वाक्य काढा. ‘अपूर्णांकाची संकल्पना समजते’ हे पडताळता येत नाही. ‘जास्त जणांत वाटलं की प्रत्येकाचा तुकडा लहान होतो हे मूल चित्र काढून पटवून देतं’ हे पडताळता येतं.

त्याखाली एक ओळ आणखी लिहा : ‘या कृतीत मूल कशाचा विचार करेल?’ कृती कितीही गोड असली तरी या ओळीचं उत्तर ‘कापण्याचा’, ‘चिकटवण्याचा’, ‘पहिला नंबर येण्याचा’ असं आलं, तर कृती बदला. केंद्रप्रमुखांनी, म्हणजे आसपासच्या शाळांवर देखरेख ठेवणाऱ्या अधिकाऱ्यांनी, टाचण पाहिलं तर ही ओळ त्यांनाही दाखवा, चर्चा चांगली होते.

मुलांच्या डोक्यात आधी काय आहे?

अपूर्णांकाच्या तासाला मूल कोऱ्या पाटीने येत नाही. त्याच्याकडे बरंच काही असतं. पाव किलो साखर, अर्धा लिटर दूध, दीड वाजता, अडीच रुपये, पाऊण तास हे शब्द ते वापरत असतं. हे भांडवल आहे, पहिल्या पाच मिनिटांत ते बाहेर काढा. ‘घरी पाव कशाकशाला म्हणतात?’ एवढं विचारलं तरी फळा भरतो.

पण सोबत काही चुकीच्या समजुतीही येतात, आणि त्या फार तर्कशुद्ध असतात. पहिली : १/४ हा १/३ पेक्षा मोठा, कारण ४ हा ३ पेक्षा मोठा. तीन वर्षं मुलाने हेच शिकलंय की मोठा अंक म्हणजे मोठी संख्या, ते तसंच इथे लावतं. दुसरी : चार तुकडे झाले की प्रत्येक तुकडा पाव, मग ते सारखे असोत वा नसोत. तिसरी : अर्धा म्हणजे अर्धाच, छोट्या भाकरीचा काय आणि मोठ्या भाकरीचा काय.

तास बांधताना यांतली कोणती समजूत आज हलवायची ते ठरवा. ‘छेद मोठा तर अपूर्णांक लहान’ असा नियम फळ्यावर लिहून दिला तर मुलं तो पाठ करतात आणि समजूत आत तशीच राहते. नियम सांगू नका, असा प्रश्न द्या की जुनी समजूत स्वतःहून अडखळेल.

प्रश्न असा निवडा

चांगल्या प्रश्नाच्या माझ्या तीन अटी आहेत. वर्गातल्या प्रत्येक मुलाला तो कळला पाहिजे. प्रत्येकाला सुरुवात करता आली पाहिजे. आणि उत्तरावर वर्गात मतभेद झाले पाहिजेत. तिसरी अट सर्वांत महत्त्वाची, कारण दोघांची उत्तरं वेगळी आली की पटवून द्यायची गरज शिक्षकाला निर्माण करावी लागत नाही.

एक प्रश्न बघा :

‘सहलीत दोन गट बसलेत. पहिल्या गटात ४ मुलं आहेत, त्यांना चिक्कीच्या ३ पट्ट्या मिळाल्या. दुसऱ्या गटात ५ मुलं आहेत, त्यांना तशाच ४ पट्ट्या मिळाल्या. प्रत्येक गट सारखी वाटणी करणार. तुम्ही कोणत्या गटात बसाल?’

हा प्रश्न फळ्यावर लिहा, दोनदा वाचा आणि काही समजावू नका. मुलांची उत्तरं साधारण या चार वाटांनी येतात.

काही म्हणतील पहिला गट, कारण तिथे वाटेकरी कमी. काही म्हणतील दुसरा, कारण तिथे चिक्की जास्त. ही दोन्ही मुलं प्रश्नाचा अर्धाच भाग बघतायत. बरीच मुलं म्हणतील, ‘दोन्हीकडे सारखंच, कारण दोन्हीकडे एक पट्टी कमी पडते.’ हे उत्तर मिळालं तर ते जपून ठेवा. यात मूल दोन संख्यांचं नातं बघू लागलंय, फक्त ते वजाबाकीने बघतंय. आणि एखाद-दुसरं मूल गप्प बसून चित्र काढायला लागेल. त्याच्याकडे लक्ष ठेवा.

वाटणी करायला बसल्यावर पहिल्या गटासाठी दोन रीती दिसतील. एक जोडी प्रत्येक पट्टीचे चार तुकडे करून प्रत्येकाला तीन पाव देईल. दुसरी जोडी आधी दोन पट्ट्या अर्ध्या-अर्ध्या करून प्रत्येकाला अर्धी देईल, मग उरलेल्या तिसरीचे चार तुकडे करील. म्हणजे प्रत्येकाला अर्धा आणि पाव. आपल्या घरात ‘पाऊण’ म्हणतात तेच हे. दोन्ही रीती फळ्यावर शेजारी-शेजारी आल्या की १/२ + १/४ = ३/४ हे तुम्हाला शिकवावं लागत नाही, ते तिथे दिसत असतं. दुसऱ्या गटात प्रत्येकाला ४/५ मिळतात.

आता गंमत पुढे आहे. ३/४ मोठा की ४/५? चौथीच्या मुलाला समच्छेद, म्हणजे दोन्हींचे छेद सारखे करणं, येत नाही. पण पट्टीकडे बघून ते सांगू शकतं : पहिल्या गटातल्या मुलाला पूर्ण पट्टीला एक तुकडा कमी पडतो, दुसऱ्या गटातल्यालाही एक तुकडा कमी पडतो. पण पहिल्याचा कमी पडलेला तुकडा चौघांतला आहे, म्हणून मोठा. दुसऱ्याचा पाच जणांतला, म्हणून लहान. ज्याला लहान तुकडा कमी पडतो त्याच्याकडे जास्त. म्हणजे ‘दोन्हीकडे एकच कमी’ म्हणणारं मूल बरोबर वाटेवर होतं, फक्त त्या ‘एक’ तुकड्यांची लांबी वेगळी होती. हे त्या मुलाच्याच तोंडून निघालं की त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

पट्ट्या कशा कापायच्या

अपूर्णांक म्हटलं की आपण भाकरीचा गोल काढतो. गोलाचे दोन, चार, आठ भाग घडी घालून होतात, पण तीन आणि पाच करताना मुलं रडकुंडीला येतात आणि तास तिथेच संपतो. म्हणून चिक्कीच्या जागी कागदाची पट्टी घ्या. या प्रश्नासाठी पट्टी बरोबर २० सेंमी लांबीची. चार भाग केले तर प्रत्येक ५ सेंमी, पाच भाग केले तर ४ सेंमी. पहिल्या गटातल्या मुलाकडे १५ सेंमी, दुसऱ्यातल्याकडे १६ सेंमी. फरक अवघा १ सेंमी, पण फूटपट्टी लावून मोजता येतो, आणि भांडण मिटवायला शिक्षकाची गरज उरत नाही.

दोन, तीन, चार, सहा, आठ भाग लागणार असतील त्या दिवशी २४ सेंमीची पट्टी कापा : १२, ८, ६, ४, ३. दोन लांबीच्या पट्ट्या एकाच दिवशी चुकून मिसळू देऊ नका. मात्र ‘छोट्याचं अर्धं आणि मोठ्याचं अर्धं सारखं का?’ हा तास असेल तेव्हा त्या मुद्दाम मिसळा.

पट्ट्या तुम्ही आदल्या दिवशी कापून ठेवा. मुलांनी कापायच्या ठरवल्या तर पंधरा मिनिटं कात्रीत जातात. तो कार्यानुभवाचा तास होतो, गणिताचा नाही. तुकडे करायचं काम मात्र मुलांचंच, कारण कुठे कापायचं हा विचार म्हणजेच अपूर्णांक.

जोडीला पट्ट्यांचा एकच संच द्या. दोघांना दोन संच दिले की दोघं वेगवेगळी कामं करतात. आणि हुशार मुलाच्या शेजारी मागे पडलेलं मूल बसवलं की हुशार मूल करतं, दुसरं बघतं. साधा नियम ठेवा : जो सांगेल त्याने हात लावायचा नाही, कापायचं काम दुसऱ्याने करायचं. मग बोलणाऱ्याला नीट बोलावं लागतं आणि कापणाऱ्याला समजून घ्यावं लागतं.

थांबा. मनात पाच आकडे मोजा.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गातल्या प्रश्नोत्तरांचा अभ्यास केला. शिक्षक प्रश्न विचारून सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात आणि मग स्वतः बोलतात किंवा दुसऱ्याला विचारतात, असं त्यांना आढळलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांब होतात, ‘माहीत नाही’ कमी होतं आणि एरवी गप्प असणारी मुलं बोलतात. यासाठी अनुदान लागत नाही, प्रशिक्षण लागत नाही. तरीही हे सगळ्यांत अवघड आहे, कारण वर्गातली शांतता नव्या शिक्षकाला घाबरवते. मनात पाच आकडे मोजायची सवय लावा. दोनदा बोलायचा मोह होईल, ओठ मिटून ठेवा.

‘बाई मी, बाई मी’ करत वर होणारे हात हा दुसरा सापळा. पाच मुलं उत्तरं देतात, पंचवीस सुटतात, आणि वर्ग छान चाललाय असं आपल्याला वाटतं. आपल्याकडे यावर सोपं साधन आहे : पाटी. प्रश्न विचारा, सगळ्यांना पाटीवर उत्तर लिहायला सांगा, पाटी छातीशी उलटी धरायला सांगा, आणि ‘दाखवा’ म्हटलं की सगळ्यांनी एकदम वर. दहा सेकंदांत तुम्हाला सगळा वर्ग वाचता येतो. कोणाची नक्कल झाली नाही, कोणी लपलं नाही. पाटी पुसली जाते म्हणून चुकायची भीतीही वहीपेक्षा कमी असते.

फळ्यावर चूक येऊ द्या

पाट्यांवर तीन वेगळी उत्तरं दिसली की तिन्ही फळ्यावर लिहा. बरोबरची खूण नको, फुली नको, आणि तुमच्या चेहऱ्यावरही काही नको. मुलं शिक्षकाच्या भुवया वाचतात. उत्तरापुढे मुलाचं नावही लिहू नका, म्हणजे उत्तर चुकलं तरी मूल चुकल्यासारखं होत नाही.

मग विचारा, ‘यातलं एखादं उत्तर ज्याने काढलं असेल, त्याने काय विचार केला असेल?’ चुकीच्या उत्तरामागचा विचार दुसऱ्या मुलाने सांगायचा. इथे वर्ग खऱ्या अर्थाने कामाला लागतो. तुमच्याकडची वाक्यं थोडीच असू द्या : ‘अजून सांग.’ ‘हे कोणाला पटलं नाही?’ ‘तिने काय म्हटलं ते तुझ्या शब्दांत सांग.’ ‘पट्टीवर दाखव.’ बरोबर उत्तर आलं तरी ‘शाब्बास’ लगेच म्हणू नका. शाब्बास म्हटलं की चर्चा संपते, उरलेल्या मुलांना विचार करायचं कारण राहत नाही. आधी ‘का?’ विचारा, शाब्बासकी नंतर भरभरून द्या, आणि ती उत्तरापेक्षा पटवून देण्याच्या रीतीला द्या.

वेळेची वाटणी साधारण अशी बसते : प्रश्न आणि प्रत्येकाचा स्वतःचा अंदाज पाटीवर, पाच मिनिटं. जोडीत पट्ट्या घेऊन वाटणी, बारा-पंधरा. फळ्यासमोर चर्चा, दहा-बारा. शेवटची पाच मिनिटं राखून ठेवा, ती काहीही झालं तरी चर्चेला देऊ नका.

त्या पाच मिनिटांत वहीच्या कागदाच्या चतकोर चिठ्ठीवर एकच प्रश्न : ‘एक पट्टी ३ जणांत वाटली किंवा ६ जणांत वाटली, तर कोणत्या वेळी तुकडा मोठा? चित्र काढून सांगा.’ चिठ्ठ्या गोळा करा. मधल्या सुट्टीत त्यांचे तीन गठ्ठे करा : जमलं, अर्धवट, नाही जमलं. गुण देऊ नका. उद्याचा तास कुठून सुरू करायचा ते या गठ्ठ्यांवरून ठरतं, आणि तुमच्या वहीतल्या मुलांच्या पानांवर एकेक ओळ चढते. आकारिक मूल्यमापनाच्या, म्हणजे शिकता शिकता करायच्या मूल्यमापनाच्या, नोंदी सत्राच्या शेवटी एका बैठकीत भरायची वेळ मग येत नाही.

दोन इयत्ता एका खोलीत

शिक्षण हक्क कायदा २००९ नुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. म्हणजे लहान गावात तुमच्यासमोर तिसरी-चौथी एकत्र बसलेली असणार, कदाचित अजून एखादी इयत्ता. नवखा शिक्षक इथे एका इयत्तेला फळ्यावरचं उतरवून घ्यायला लावतो आणि दुसरीला शिकवतो. उतरवणाऱ्या मुलांचं डोकं रिकामं असतं, म्हणून गोंगाट तिथूनच सुरू होतो.

त्यापेक्षा शक्य तिथे प्रश्न एकच ठेवा आणि तो किती खोलात न्यायचा ते बदला. चिक्कीचीच गोष्ट तिसरीला : ‘२ पट्ट्या ४ जणांत, १ पट्टी ४ जणांत.’ चौथीला वरचा प्रश्न. सुरुवात एकत्र, चर्चाही काही वेळ एकत्र. तिसरीच्या मुलाने मध्येच चौथीचं उत्तर दिलं तर अडवू नका. जिथे विषय अगदी वेगळे असतील तिथे स्वयंअध्ययनाची कार्डं बनवून ठेवा, जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर ती उत्तम होतात. कार्डावर पाच सारखी गणितं नकोत. एकच, पण वेळ घेणारं हवं : ‘ज्याचं उत्तर ३६ येईल अशी जमतील तितकी गणितं बनव.’ मोठ्या मुलांना लहानांचा गुरुजी करून टाकू नका. आठवड्यातून एखाद वेळी ठीक, रोज नको. त्यांचंही शिकायचं वय आहे.

बाजार भरवायचा तर हिशेबासाठी

बाल आनंद मेळावा किंवा शाळेतला बाजार आता बहुतेक शाळांत भरतो. मुलं भाजी, भजी, बोरं घेऊन बसतात, पालक येतात, फोटो निघतात. त्यात मुलांनी गणित किती केलं हे मात्र कोणी विचारत नाही, कारण पैसे बहुतेक वेळा शेजारी बसलेली आईच मोजते. थोडी तयारी केली तर हा बाजार महिनाभराचं गणित देऊ शकतो.

आठवडाभर आधी प्रत्येक गटाने लिहायचं : माल किती आणायचा, किती रुपयांना पडेल, कितीला विकायचा, का. तागडी आणि वजनं गावातल्या दुकानदाराकडून मागून आणा. इलेक्ट्रॉनिक काटा नको, तो उत्तर देऊन टाकतो. वजनं असतात ५०, १००, २००, ५०० ग्रॅम आणि १ किलो. पाव किलो मागितलं की मुलाला २०० आणि ५० लावायचं सुचलं पाहिजे, पाऊण किलोला ५००, २०० आणि ५०. एक किलोचं वजन नाही असं समजून दीड किलो कसं मोजाल, हा प्रश्न मी दरवेळी टाकते, आणि ‘दोनदा मोजू’ म्हणणारं मूल निघतंच. अपूर्णांकाच्या तासाला पाव, पाऊण शिकलेलं मूल इथे ते हातात धरतं.

एक नियम पालकांना आधीच सांगा : दुकानात मोठ्यांनी बसायचं नाही. प्रत्येक गिऱ्हाइकाला चिठ्ठीवर हिशेब लिहून द्यायचा, चूक असेल तर गिऱ्हाइकाने ती दाखवायची. दुसऱ्या दिवशी वर्गात चिठ्ठ्या पसरा. नफा, तोटा, उरलेला माल, ‘भाव कमी केला असता तर?’ शिकणं दुसऱ्या दिवशीच होतं. दुसरा दिवस ठेवायचा नसेल तर बाजार भरवू नका, त्यापेक्षा साधा तास बरा.

परिसर अभ्यासासाठी : काठीची सावली

सगळे तास चाळीस मिनिटांत संपले पाहिजेत असं नाही. काही प्रश्न महिनोन्‌महिने वर्गात जिवंत ठेवता येतात, आणि मुलं स्वतः त्यांची आठवण करून देतात. मला सर्वांत आवडतो तो सावलीचा.

मैदानात बरोबर १ मीटर उंचीची काठी सरळ रोवा. सप्टेंबरच्या शेवटी दुपारी बारा ते एकच्या दरम्यान दर दहा मिनिटांनी सावलीच्या टोकाशी खडा ठेवा. सर्वांत आखूड सावली कधी पडते? मुलं ठामपणे ‘बारा वाजता’ म्हणतील. पुण्याच्या आसपास ती साडेबाराच्या सुमाराला येते, कारण आपलं घड्याळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्ताच्या वेळेवर चालतं आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत. पहिला धक्का इथेच बसतो.

मग दर आठवड्याला एकदा सर्वांत आखूड सावली मोजा आणि भिंतीवरच्या तक्त्यावर मांडा. मोजण्याआधी प्रत्येकाने अंदाज पाटीवर लिहायचाच. अंदाज लिहिलेलं मूल मापाची वाट बघतं, न लिहिलेलं मूल फक्त माप ऐकतं. पुण्याच्या अक्षांशावर सप्टेंबरच्या २३ तारखेच्या सुमारास ही सावली साधारण ३३ सेंमी भरते आणि डिसेंबरच्या २२ च्या सुमारास जवळपास ९० सेंमी. तुमचं गाव उत्तरेला असेल तर थोडी जास्त, दक्षिणेला असेल तर थोडी कमी. नाताळच्या सुमारास सावली वाढायची थांबते आणि मागे फिरते, तो आठवडा चुकवू नका. हे सगळं मुलांना आधी सांगू नका. ‘अशीच वाढत राहिली तर होळीला किती होईल?’ एवढंच विचारून ठेवा.

शून्य सावलीचा दिवस, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येऊन काठीची सावली नाहीशी होते तो दिवस, महाराष्ट्रात वर्षातून दोनदा येतो. पहिला मे महिन्यात, तेव्हा शाळेला सुट्टी असते. दुसरा जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या पहिल्या दहा-बारा दिवसांपर्यंत, गावाच्या अक्षांशाप्रमाणे. तेव्हा ढग असतात. ऊन पडलं तर नशीब, म्हणून आधीचे आणि नंतरचे दोन-तीन दिवसही तयारीत राहा.

भाषेच्या तासाला

इथे एकच सांगते : मुलाने लिहिलेलं शिक्षकाशिवाय दुसऱ्या कोणीतरी वाचलं पाहिजे. ‘माझा आवडता पक्षी’ शिक्षक तपासतो आणि विषय संपतो. शाळेच्या नळाला पाणी येत नाही म्हणून ग्रामपंचायतीला लिहिलेलं पत्र, पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींकडून ऐकून लिहिलेली खिचडीची कृती, शेजारच्या शाळेतल्या चौथीला पाठवलेले प्रश्न : यांना उत्तर येतं. उत्तर येणार असलं की मूल शुद्धलेखनही स्वतःहून विचारतं.

गोंगाट, व्हिडिओ, बक्षिसं

पहिल्या आठवड्यात लक्ष वेधायची एक खूण ठरवा, हात वर किंवा टाळीचा ठेका, आणि ती वर्षभर बदलू नका. ओरडून शांत केलेला वर्ग पुन्हा ओरडण्याचीच वाट बघतो. छडी आणि अपमान दोन्ही शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने बंद आहेत. आणि कायदा नसता तरी घाबरलेलं मूल अंदाज लिहीत नाही, हे कारण पुरेसं होतं.

पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवरचा व्हिडिओ दाखवायचा तर आधी स्वतः पाहा आणि कुठे थांबवायचा ते ठरवा. तिथे थांबवून ‘पुढे काय होईल?’ पाटीवर लिहून घ्या. सलग दाखवायचा असेल तर नकोच. चांदण्या आणि बक्षिसं कमीत कमी. ती ठेवली की काही दिवसांत मूल चांदणीचा विचार करतं, पट्टीचा नाही.

पालक म्हणतील, ‘शाळेत नुसतं खेळतात, पाढे कधी?’ त्यांना समजावण्यात वेळ घालवू नका. पालक सभेत चिक्कीचा प्रश्न त्यांनाच सोडवायला द्या, पट्ट्या हातात द्या. ३/४ की ४/५ यावर मोठी माणसंही मनापासून भांडतात. आणि पाढे तर घ्याच, रोज दहा मिनिटं, न चुकता. पाढे येत नसलेल्या मुलाचं डोकं प्रत्येक गणितात गुणाकारावरच खर्च होतं आणि खऱ्या प्रश्नापर्यंत पोहोचत नाही.

सुरुवात करताना

रोजचे सगळे तास असे बांधता येणार नाहीत, तसा प्रयत्नही करू नका, थकून जाल. आठवड्यातून एक तास घ्या, एकाच विषयाचा, शक्यतो गणिताचा. तो मंगळवार-बुधवारी ठेवा, म्हणजे चिठ्ठ्या वाचून पुढचा तास लगेच त्यावर घेता येतो. शनिवारी घेतलात तर सोमवारी मुलं विसरलेली असतात आणि तुम्हीही.

शाळेतल्या दुसऱ्या शिक्षकांना त्या तासाला मागे बसायची विनंती करा. ‘माझं शिकवणं कसं वाटलं?’ विचारलंत तर ‘छान’ असं उत्तर मिळेल. त्याऐवजी त्यांना दोन मुलांची नावं द्या, एक नेहमी बोलणारं आणि एक कधीच न बोलणारं, आणि तासभर फक्त त्या दोघांकडेच बघायला सांगा : कधी लिहिलं, कधी खोडलं, शेजाऱ्याला काय विचारलं, कधी खिडकीबाहेर बघत होती. हा कागद केंद्राच्या शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांतल्या शिक्षकांच्या बैठकीत, न्या. तिथे ‘या वर्षी मुलं फार खोडकर आहेत’ यापेक्षा वेगळं बोलायला काहीतरी हातात असेल, आणि शेजारच्या गावातले गुरुजी त्यांच्या दोन मुलांचा कागद घेऊन पुढच्या महिन्यात येतील.